डायपरचं पाकीट यादीतून काढा: प्रसूतिगृहांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या प्रसूतिगृहांचे डॉक्टर, परिचारिका आणि व्यवस्थापक यांस

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र पुरं वाचायला वेळ नसला तरी ती तुमच्यापर्यंत पोचेल. बाळंतपणासाठी भरती होणाऱ्या बाईच्या हातात तुम्ही सामानाची जी यादी देता, तिच्यातून डायपरचं पाकीट काढा आणि तिथे मऊ सुती लंगोट लिहा. निदान पहिल्या आठवड्यापुरतं तरी. आणि घरी सोडण्याआधी ती बाई, तिचा नवरा आणि सोबत आलेली आजी यांना अर्धा तास एकत्र बसवून ओले लंगोट कसे मोजायचे आणि त्यावरून बाळाला दूध पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं, ते शिकवा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. नोकरीची सगळी वर्षं बाळंतिणींच्या खोल्यांत गेली. लंगोटाचा आग्रह मी 'आमच्या वेळी असंच होतं' म्हणून धरत नाही. डायपरच्या कचऱ्याचा प्रश्न खरा आहे, त्यावर पुढे दोन शब्द लिहीन. पण हे पत्र लिहायला बसले ते अंगावरच्या दुधासाठी.

पहिले दोन-तीन दिवस आईच्या अंगावर चीक असतो. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. बाळाचं पोटही तेवढंच असतं, पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक त्याला पुरतो. पान्हा फुटतो तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझेरियन झालं असेल तर कधी आणखी थोडा उशिरा. तोवर बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर येतं, रात्री जास्तच येतं. ओढतं, सोडतं, पुन्हा रडतं. आईची छाती मऊच असते, दाबून पाहिलं तर थेंब-दोन थेंब निघतात. त्या रात्री खोलीत जी कोणी मोठी बाई असते ती म्हणते, "अगं, हिला दूधच नाही." पुढे काय होतं ते मला पाठ आहे. पावडरचा डबा येतो. बाळाचं पोट गच्च भरतं, ते तीन-चार तास झोपतं. तेवढा वेळ ते अंगावर येत नाही आणि बाळाने ओढल्याशिवाय दूध वाढत नाही. दोन दिवसांनी दूध खरोखरच कमी पडतं आणि म्हणणारीचं म्हणणं खरं ठरतं. ज्या बाईला व्यवस्थित पान्हा आला असता, ती आयुष्यभर "मला दूधच आलं नाही" असं सांगत राहते.

या भीतीवर आईच्या हातात काहीतरी पुरावा हवा. बाटलीतून किती गेलं ते डोळ्यांना दिसतं, छातीतून किती गेलं ते दिसत नाही. पण पोटात गेलेलं बाहेर येतंच, आणि ते लंगोटावर दिसतं. हिशेब सोपा आहे. पहिल्या दिवशी एखादा ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचवी पुजायच्या सुमाराला चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त. लघवी पाण्यासारखी, रंग नसलेली किंवा फिकट. शीचंही तसंच. आधी काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट. मग हिरवट. चौथ्या-पाचव्या दिवशी ती पिवळी, पातळ, बारीक दाणेदार होते आणि दिवसातून तीन-चारदा तरी होते. एवढं दिसलं, बाळ तरतरीत असलं आणि वजन नीट असलं, की दूध पुरतंय. मग छाती मऊ असो की कडक, बाळ रात्री रडो की न रडो.

वजनाचंही घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवं. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनातलं सात टक्क्यांपर्यंत, कधी दहापर्यंत, उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. हे माहीत नसलेला बाप काट्यावर दीडशे ग्रॅम कमी पाहतो आणि थेट औषधाच्या दुकानात जातो.

लंगोटावर आणखी एक गोष्ट दिसते, जी डायपरवर नीट ओळखू येत नाही. कधीकधी पांढऱ्या कापडावर विटकरी, गुलाबीसर, भुकटी सांडल्यासारखा डाग पडतो. घरचे रक्त समजून घाबरतात. तो रक्ताचा नसतो. लघवी घट्ट झाली की युरेट नावाच्या क्षाराचे कण पडतात, त्यांचा तो डाग. पहिल्या एक-दोन दिवशी दिसला तर काळजी नको. चौथ्या दिवशीही दिसत असेल तर बाळाला पुरेसं पोचत नाहीये. त्याच दिवशी पकड, म्हणजे बाळ छाती तोंडात कसं धरतंय ते, तपासायला हवी, वजन करायला हवं, कावीळ पाहायला हवी. मी गृहभेटीला गेले की बाळाच्या आधी दोरीवरचे आणि बादलीतले लंगोट बघायची. डायपरमधली जेल लघवी शोषून घेते. नवजात बाळाची शू एका वेळेला इतकी थोडी असते की डायपर हाताला कोरडाच लागतो. त्यावरची रंग बदलणारी रेघ ओलं झालंय एवढं सांगते, किती वेळा झालं ते सांगत नाही. सकाळी एकदा आणि रात्री एकदा डायपर बदलणाऱ्या आईला बाळाने दिवसात दोनदा शू केली की आठदा, हे कळायला मार्गच उरत नाही. नेमक्या ज्या दिवसांत हे कळणं सर्वांत गरजेचं, त्याच दिवसांत आपण तिच्या हातातून हे साधन काढून घेतो.

(मुलींच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात पांढरा स्राव किंवा रक्ताचा पुसट ठिपका दिसू शकतो. आईकडून आलेली संप्रेरकं उतरत असतात, म्हणून. हेही आधी सांगितलेलं नसेल तर रात्री दोन वाजता रिक्षा शोधली जाते.)

माझ्या मुलीचं बाळंतपण एका शहरातल्या खासगी प्रसूतिगृहात झालं. छापील यादीत नवजात डायपरचं पाकीट होतं आणि खाली सूचना होती, घरचे लंगोट आणू नयेत. जुन्या मऊ लुगड्यांचे शिवलेले, उकळून, उन्हात वाळवून आणलेले लंगोट पिशवीतच राहिले. दुसऱ्या रात्री बाळ तपासायला म्हणून नेलं आणि गाढ झोपलेलं परत आणलं. त्याच्या तोंडाला पावडरच्या दुधाचा वास होता. विचारल्यावर सिस्टर म्हणाली, "रडत होतं, तीस मिली दिलं." डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आईला विचारलं नव्हतं. आई जागी होती, तिच्या अंगावर चीक होता, आणि त्या वयाच्या बाळाला तीस मिलीची गरज नव्हती. माझी मुलगी पहाटेपर्यंत रडली. त्या सिस्टरवर माझा राग नाही. रात्री ती एकटी सगळा वॉर्ड बघत होती, आणि रडणाऱ्या बाळाचं काय करायचं याचं एकच उत्तर तिला कोणीतरी शिकवलेलं होतं. माझं भांडण त्या शिकवणीशी आहे.

घरी आल्यावर आम्ही लंगोट सुरू केले. दर वेळी ओला लंगोट बदलला की जावई भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक रेघ ओढायचा, शी झाली तर रेघेवर फुली. पान्हा फुटला तसे चौकोन भरू लागले. भेटायला येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न तोच विचारायची, "पुरतंय ना गं दूध?" आणि मुलगी काही न बोलता कॅलेंडरकडे बोट दाखवायची. तिच्या चेहऱ्यावरची ती खात्री तुमच्या वॉर्डातून निघणाऱ्या प्रत्येक बाईला मिळावी, एवढंच मला हवं आहे.

तुम्हाला नियम सांगायची गरज नसावी, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1991 साली बाळस्नेही रुग्णालय उपक्रम सुरू केला. त्याच्या दहा पायऱ्यांत स्पष्ट आहे: जन्मानंतर लगेच बाळ आईच्या उघड्या छातीवर, तासाभरात स्तनपान, आई आणि बाळ चोवीस तास एकत्र, आणि वैद्यकीय कारणाशिवाय आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचं नाही. आपल्या देशाने 1992 साली कायदा केला, 2003 साली तो आणखी कडक केला. त्यानुसार बाळाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, दवाखान्यात त्यांचे फलक लावायचे नाहीत. 2016 पासून केंद्र सरकारचा 'मां' हा स्तनपानाचा कार्यक्रम आहे. एवढं असून 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं निघाली 41.8 टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली, बाळ मात्र वेळेवर आईच्या छातीशी पोचलं नाही. या मधल्या अंतरात ना घरची आजी आहे, ना सुईण. तिथे तुम्ही आहात.

आम्ही गावोगाव फिरून आज्यांशी वाद घातले. चीक पिळून टाकू नका, बाळाला मध चाटवू नका, गुळाचं पाणी नको, गुटी नको, सहा महिने पाणीसुद्धा नको. शिव्या खाल्ल्या, पण घरं बदलली. ज्या घरांत चीक 'खराब' म्हणून टाकत, तिथल्याच आज्या आता सुनेला बजावतात की पहिलं दूध वाया घालवू नकोस. आणि आता वरचं दूध घरातून सुरू न होता दवाखान्यातून सुरू होतंय. डॉक्टरने दिलंय म्हटल्यावर कुठली आशाताई ते थांबवू शकेल?

काही बाळांना वरचं दूध लागतं, हे मला माहीत आहे. साखर उतरलेली असते, बाळ फार अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांचं असतं, वजन फारच घसरतं, आई गंभीर आजारी असते. तेव्हा ते औषधासारखं द्या. लिहून द्या, मोजून द्या, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, आणि आईला सांगून द्या. शक्य असेल तिथे आधी तिचंच काढलेलं दूध द्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. महापालिकेचं रुग्णालय, केवढी गर्दी, केवढा ताण. तिथे हे होऊ शकलं, तर वीस खाटांच्या नीटनेटक्या खासगी प्रसूतिगृहात आईला बाळ नीट लावून देणं नक्कीच होऊ शकतं. आणि जिला प्रयत्न करूनही पाजता येत नाही तिला कोणीही बोल लावू नये. मी आजवर लावलेला नाही.

पकड शिकवायला फार वेळ लागत नाही, पण ती शब्दांनी शिकवून भागत नाही. बाईजवळ बसावं लागतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, मान वळलेली नाही. निपल वरच्या ओठाला लावायचं आणि बाळाने मोठा आ करेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. मग बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, खालच्या बाजूचा काळा भाग बराचसा तोंडात. गालांना खळगे पडत असतील किंवा चटक-चटक आवाज येत असेल तर करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. निपलला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा नुसतं निपलच ओढल्यामुळे, "पहिलटकरणीला होतंच असं" म्हणून सोडून देण्यासारखं ते दुखणं नाही. सिझेरियनच्या बाईला कुशीवर झोपून किंवा बाळ काखेखाली धरून पाजायला शिकवा, टाक्यांवर भार येत नाही. आणि रात्रीचं पाजणं सोडायला कधीही सांगू नका. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं.

आता तुमच्या अडचणी. लंगोटाने चादरी भिजतात, वॉर्डात वास येतो, धुवायला जागा नाही. या अडचणी मी सरकारी दवाखान्यात पाहिल्या आहेत. बाळाखाली मेणकापड आणि त्यावर दुपटं घातलं की चादर वाचते. खाटेखाली घट्ट झाकणाची एक बादली ठेवा, नातेवाईक दिवसातून एकदा ओले लंगोट घरी नेतील आणि कोरडे आणतील. जिथे सोबतच्या माणसांसाठी न्हाणीघर आहे तिथे तेही लागत नाही. घरचे लंगोट नकोतच असं धोरण असेल तर दवाखान्याच्या चादरींबरोबर लंगोटही लाँड्रीत टाका. जागा फार लागत नाही.

घरी धुण्याचं म्हणाल तर ते काम बाळंतिणीचं नाही. सव्वा महिना बाळंतिणीने पाण्यात हात घालू नये, ही जुनी रीत मला पूर्ण मान्य आहे. माहेरी आई, मावशी, कामाला येणारी बाई हे सगळं उचलायच्या, म्हणून ती रीत टिकली. आता पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या दोन खोल्यांत फक्त नवरा असतो, तेव्हा ते काम त्याचं. ते त्याला तुम्ही सांगा, कारण सासूने सांगितलं तर ती कुरबूर वाटते आणि डॉक्टरने सांगितलं की तो सल्ला होतो. शूचा लंगोट नुसत्या साध्या पाण्यातून काढून ठेवायचा. शीचा आधी थंड पाण्याने धुऊन मग साबणाने, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचा, कारण राहिलेल्या साबणानेच कातडी लाल होते. कपडे मऊ करणारी द्रव्यं घातली की कापड पाणी शोषत नाही, जंतुनाशक ओतलं की बाळाच्या कातडीला चुरचुरतं. दोन्ही नको. वाळवायला ऊन सर्वांत चांगलं.

आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर ऊन कुठलं? जुन्या घरांत निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून त्यावर लंगोट वाळवत. पण बाळाच्या खोलीत धूर नको. शेवटचं खळबळणं गरम पाण्यात करा, घट्ट पिळून पंख्याखाली दोरीवर घाला आणि वापरण्याआधी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. कुबट वास येणारा दमट लंगोट बांधू नका, त्याने जांघेत बुरशीचं पुरळ येतं. चाळीसेक लंगोट असले की चालतं, पावसाळ्यात आणखी डझनभर. नाळ पडेपर्यंत लंगोटाची वरची कड नाळेच्या खाली दुमडायची, म्हणजे ती कोरडी राहून गळून पडते, तिला तेल-हळद काही लावायचं नाही. नाडी सैल बांधायची आणि बाळाचे पाय ओढून सरळ करून गुंडाळायचे नाहीत. बेडकासारखे फाकलेले पाय हेच खुब्याच्या सांध्याला योग्य.

डायपर कधीच नको असं माझं म्हणणं नाही. दूध बसलं, वजन वाढू लागलं, मग प्रवासात, लग्नाकार्यात, लसीकरणाला जाताना, आईला एखादी रात्र सलग झोप मिळावी म्हणून जरूर वापरा. फक्त पहिल्या आठवड्यात नको.

आणि कचऱ्याचं. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी वापरलेल्या डायपरला सॅनिटरी कचरा म्हटलं आणि तो वेगळा गुंडाळून द्यायला सांगितलं. पुण्यात कचरावेचक महिलांनी अशा पुडक्यावर लाल ठिपका काढून द्या अशी मोहीम चालवली, कारण ते पुडकं उघडून हाताने वेगळं करणाऱ्या त्याच होत्या. गावात तर कचऱ्याची गाडीच येत नाही. आमच्याकडे डायपर पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकतात. पहिल्या पावसाला ते फुगून वाहत येतात आणि खालच्या वाडीच्या पाणवठ्याला अडकतात. नवजात बाळाला दिवसाला आठ-दहा डायपर लागतात. ते कुठे टाकायचे, हे यादी छापताना तुम्ही कुणाला सांगितलंय का?

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला सात दिवसांचे चौकोन छापा. ओले लंगोट किती, शी किती आणि कुठल्या रंगाची. खाली ठळक लिहा: पाचव्या दिवशी सहापेक्षा कमी ओले लंगोट, चौथ्या दिवशी किंवा त्यानंतर विटकरी डाग, शी अजून काळी, बाळ सुस्त, पाजायला उठतच नाही किंवा अंग पिवळं दिसतंय, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी घेऊन या. आणि पाचव्या दिवशी तुमच्याकडून एक फोन जाऊ द्या. गावात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन करते. शहरात खासगी दवाखान्यातून फ्लॅटवर गेलेल्या बाईकडे बहुतेक वेळा कोणीच जात नाही, आणि पान्हा फुटायचा, दुधाच्या गाठी व्हायच्या, धीर सुटायचा काळ नेमका तोच असतो.

यासाठी नवीन यंत्र लागत नाही, नवीन पद लागत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला पावडरचा डबा उघडण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लागावी: शेवटचं कधी पाजलं, आणि आज ओले लंगोट किती झाले?

रत्नागिरी, चिपळूण, संगमेश्वर, लांजा या भागातल्या कुठल्याही प्रसूतिगृहाने, सरकारी असो की खासगी, बोलावलं तर मी यायला तयार आहे. तुमच्या सिस्टर्सबरोबर आठवडाभर रात्रपाळीला बसेन, पकड लावून दाखवेन, कार्ड भरायला शिकवेन. मानधन नको. येताना लंगोटांचे नमुने मी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जिल्हा रत्नागिरी